कुकीज पसरतात आणि नानकटाईचा भुगा होतो: उन्हाळ्यात घरच्या सगळ्यांनी मिळून बेकिंग करताना

आपला प्रश्न मी असा समजले आहे. बडोद्यात मांजलपूरला आपले घर आहे, मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे, आणि नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, सासूबाई व आपण असे चौघे मिळून रविवारी दुपारी कुकीज नाहीतर नानकटाई करता. घरात अंडी आणत नाहीत. चॉकलेट चिप कुकीज व्हिडिओ पाहून केल्या, त्यात लोण्याऐवजी तेवढ्याच वजनाचे घरचे साजूक तूप घातले, आणि त्या ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटल्या. सासूबाईंच्या नानकटाईचा आकार टिकला, पण हातात घेताच तिचा भुगा झाला. पुढच्या रविवारी मुले मधेच कंटाळून उठून गेली. हे सगळे ओव्हन लहान असल्यामुळे होते का, आणि मोठा घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

मोठा ओव्हन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सांगितलेल्या दोन बिघाडांची कारणे वेगवेगळी आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी तूप आहे: ते किती घातले आणि पीठ ट्रेवर ठेवण्याच्या वेळी ते किती पातळ झालेले होते. तिसरी तक्रार, म्हणजे मुलांचा कंटाळा, वरवर वेगळी वाटली तरी तिचा याच गोष्टीशी जवळचा संबंध आहे. चार जण हौसेने हात लावतात तेव्हा पीठ ओट्यावर जास्त वेळ राहते, आणि मे महिन्यातल्या बडोद्यात पीठ ओट्यावर राहणे म्हणजे त्यातले तूप वितळणे. त्यामुळे कृती बदलण्याआधी कामाचा क्रम बदलावा लागेल.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. आपले तूप म्हशीचे आहे की गाईचे, मैदा वजनाने घेतला की वाटीने, ओव्हनचा काटा १८० दाखवतो तेव्हा आत खरोखर किती तापमान असते, हे ठाऊक नसताना मिनिटांचा नेमका आकडा सांगणे योग्य होणार नाही. मात्र एक खूण आपल्याला घरीच तपासता येईल. पुढच्या वेळी ट्रे आत ठेवल्यावर काचेतून पाहत राहावे. गोळे पहिल्या तीन-चार मिनिटांतच खाली बसले, तर तूप आधीच पातळ होते किंवा जास्त होते. सात-आठ मिनिटे आकार टिकून मग हळूहळू पसरले, तर साखर किंवा सोडा जास्त आहे, अथवा ओव्हन पुरेसा तापलेला नाही.

आता तुपाकडे येऊ. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधी ढिले पडते. परदेशी व्हिडिओत ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’ सांगतात तेव्हा त्यांच्या खोलीचे तापमान १८ ते २१ अंश असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चाळिशी ओलांडलेली असते, आणि गॅस किंवा ओव्हन चालू असलेल्या स्वयंपाकघरात ३५ अंश सहज असतात. चॉकलेट चिप कुकी ही १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, व्हिटमन गावच्या टोल हाउस इन या खाणावळीत रूथ वेकफील्ड यांनी रूढ केली. थंड प्रदेशातली ती कृती आहे. तिथे लोणी सकाळी बाहेर काढून ठेवावे लागते, आपल्याला ते शेवटच्या क्षणापर्यंत फ्रिजमध्ये ठेवावे लागते.

हे इतके महत्त्वाचे का, ते समजले की बाकीचे निर्णय आपले आपल्याला घेता येतात. लोणी किंवा तूप साखरेबरोबर फेसले जाते तेव्हा त्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे अडकतात, आणि ओव्हनमध्ये ते फुगून कुकी हलकी होते. हवा धरून ठेवायला तूप अर्धवट घट्ट असावे लागते. पातळ तूप कितीही घोटले तरी त्यात हवा राहत नाही, ते नुसते मैद्याला माखले जाते. दुसरे असे की, गोळा गार असेल तर ओव्हनमध्ये त्याची कड आधी सुकून धरते आणि आतले तूप नंतर वितळते. गोळा गरम असेल तर कड धरण्याआधीच तूप वाहू लागते आणि मैदा व साखर त्याच्याबरोबर जातात. आपल्या कुकीज चिकटल्या त्या इथे.

आपल्या बाबतीत यात तुपाच्या वजनाची भर पडली. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेला भाग मुख्यतः पाणी असते. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून ११५ ग्रॅम लोण्याच्या जागी ११५ ग्रॅम तूप घातले तर स्निग्धांश सुमारे पाव पटीने वाढतो, आणि मैद्याला बांधून ठेवणारे थोडेसे पाणी मात्र नाहीसे होते. त्या कृतीत ९० ते ९२ ग्रॅम तूप आणि चमचा-सव्वा चमचा गार दूध घ्यावे (पोह्याचा नव्हे, मापाचा १५ मिलिलिटरचा चमचा). अंडे नसल्यामुळे दूध लागतेच. त्याला निराळा पर्याय शोधत बसण्याची गरज नाही. तूप चालेल का, असे विचाराल तर चालेल, पण चॉकलेट चिप कुकीला लोण्याचीच चव आणि लोण्याचाच चिवटपणा शोभतो. तूप नानकटाईसाठी राखून ठेवावे.

नानकटाईचा भुगा होण्याचे कारण मात्र पसरण्याच्या अगदी उलट दिशेचे आहे. वर भेगा पडणे हा दोष नाही. तिला तशा भेगा पडायलाच हव्यात. हातात घेताच मोडणे हा दोष आहे, आणि तो बहुधा तीन ठिकाणी होतो. बेसन आणि रवा अंदाजाने थोडे जास्त पडतात. या दोन्हींमुळे खुसखुशीतपणा येतो, पण ती दोन्ही मैद्यासारखी एकमेकांना धरत नाहीत. दुसरे, पीठ एकत्र होण्याआधीच गोळे केले जातात. नानकटाईचे पीठ मळायचे नसते हे खरे, पण मूठ वळल्यावर ती फुटू नये इतके तरी ते जुळून आले पाहिजे. तिसरे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा घडणारे: नानकटाई गरम असतानाच ट्रेवरून उचलली जाते. ओव्हनमधून काढलेल्या नानकटाईतले तूप पातळ असते. ते निवून थिजू लागते तेव्हाच ती आकार धरते. ट्रेवरच निदान पंधरा-वीस मिनिटे तिला हात लावू नये. मे महिन्यात घरातल्या उष्म्यामुळे हे तूप नीट थिजतच नाही, त्यामुळे तीच नानकटाई जानेवारीत घट्ट आणि मेमध्ये नाजूक लागते. उन्हाळ्यात तुपाचे प्रमाण दहा-बारा ग्रॅमने कमी ठेवावे, एवढाच त्यावर इलाज आहे.

सासूबाईंची पद्धत मोडून काढावी असे मी मुळीच सुचवणार नाही, कारण तुपाचे मर्म त्यांना आपल्या व्हिडिओपेक्षा जास्त कळलेले असण्याचा संभव आहे. चिरोट्यांच्या साट्यासाठी, म्हणजे पोळ्यांच्या थरांमध्ये लावायच्या तुपाच्या लेपासाठी, परातीत तूप घेऊन त्यात बर्फाचे खडे टाकून, तळहाताने ते पांढरे होईपर्यंत फेसायचे आणि सुटलेले पाणी ओतून टाकायचे, ही रीत त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत होती. उन्हाळ्यातल्या नानकटाईला नेमके हेच हवे असते. त्यांना तसे फेसायला सांगावे. फक्त शेवटी पाण्याचा थेंबही मागे राहू देऊ नये, कारण साट्यात तो खपून जातो, नानकटाईत खपत नाही. हात दुखत असेल तर तूप फ्रिजमध्ये ठेवून लोण्याइतके घट्ट झाल्यावर रवीने किंवा हँडमिक्सरने फेसले तरी चालते. वजन मात्र फेसण्याआधी करावे.

माझ्या वर्गात मी नानकटाईचे हे प्रमाण देते: मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, तूप १३० ग्रॅम (उन्हाळ्यात ११८ ते १२०), बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि थोडे जायफळ. यात पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे साधारण अठरा गोळे होतात. पीठ जुळत नसेल तर गार दूध एकेक लहान चमचा घालावे. दोनपेक्षा जास्त लागले तर कुठेतरी वजन चुकले असे समजावे. साखर दळलेलीच घ्यावी, कारण दाणेदार साखर ओव्हनमध्ये वितळून गोळ्याला पसरवते. खाण्याचा सोडा हात सैल सोडून घालू नये. त्याने रंग लवकर चढतो, पसरट होते आणि साबणासारखी चव मागे राहते. दही नसलेल्या कृतीत बेकिंग पावडरच पुरते.

आता क्रमाविषयी, कारण चौघांनी मिळून करायचे म्हटले की खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही तिथेच असतात. रविवारी दुपारी तीन वाजता मैदा चाळण्यापासून सुरुवात केली तर गोळे होईपर्यंत तास जातो. तेवढ्या वेळात पीठ स्वयंपाकघराच्या तापमानाला येते, आणि वर मुलांचे ऊबदार तळवे एकच गोळा पाच-पाच वेळा वळतात. म्हणून काम दोन दिवसांत वाटावे. शनिवारी रात्री जेवणानंतर पीठ करून गोळे वळावेत आणि ते झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावेत; खोलीत एसी असेल तर गोळे तिथेच जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वळायला बसावे, मुलांना ते ओट्यापेक्षा जास्त आवडते. रविवारी सकाळी नऊच्या आत भाजायला घ्यावे. गोळे फ्रीजरमध्ये महिनाभर चांगले राहतात, त्यामुळे पाहुणे आले की मोजके दहाच भाजता येतात. फ्रीजरमधले गोळे थेट ट्रेवर ठेवले तर एखाद-दोन मिनिटे जास्त द्यावी लागतात, एवढेच.

अशी वाटणी केली की मुलांचा कंटाळाही बराचसा जातो. मुले कामाला कंटाळत नाहीत, आपली पाळी येईपर्यंत थांबण्याला कंटाळतात. मुलाला वजनकाट्यावर बसवावे. नऊ वर्षांच्या मुलाला २५ ग्रॅम अचूक आणण्यात चढाओढीची मजा वाटते, आणि आपल्याला एकसारखे गोळे मिळतात; लहानमोठे गोळे एकाच ट्रेवर गेले की लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. मुलीने गोळ्यावर अंगठा दाबून चारोळी किंवा पिस्त्याचा काप बसवावा. तिचे गोळे वेडेवाकडे, लहानमोठे होणारच. त्यांची तक्रार न करता त्यांना स्वतंत्र ट्रे द्यावा आणि तो आधी भाजावा. सासूबाईंकडे तूप फेसणे आणि पीठ जुळले की नाही हे ठरवणे. ओव्हन मात्र फक्त आपल्याकडे. तूप किती घालायचे यावर आपले आणि सासूबाईंचे मत जुळले नाही तर एकाच पिठावरून वाद घालण्यापेक्षा अर्ध्या प्रमाणाचे दोन घाणे करावेत आणि निकाल मुलांवर सोपवावा. बहुतेक घरांत मला हा उपाय लागू पडलेला दिसला आहे, आणि आजींचा घाणा अनेकदा जिंकतो.

कच्चे पीठ चाखू देऊ नये. अंडे नाही म्हणून ते निर्धोक आहे असे अनेकांना वाटते, परंतु मैदाही कच्चाच असतो आणि त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. ओव्हनची काच आणि वरचा पत्रा बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतात, म्हणून पाच वर्षांच्या मुलीसाठी ओव्हनपासून दोन हातांवर खडूने रेघ आखून ती ओलांडायची नाही असे ठरवून घ्यावे. ट्रे काढताना ओला फडका वापरू नये, कारण पाण्याची वाफ होऊन हात भाजतो.

ओव्हनविषयी मी सुरुवातीला ठामपणे लिहिले त्याचे कारण असे. घरगुती ओटीजीचा (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे आपला ओट्यावरचा विजेचा ओव्हन) काटा आणि आतले खरे तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक असणे अगदी सामान्य आहे, मग तो १९ लिटरचा असो की ४० चा. मोठ्या ओव्हनमध्ये तोच फरक राहतो आणि शिवाय तो तापायला जास्त वेळ लागून स्वयंपाकघर आणखी गरम होते. त्या पैशांपैकी थोडे खर्चून आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर आणि दुसरा ट्रे घ्यावा. थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून, वरचे-खालचे दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटे तापवून वाचन घ्यावे. नानकटाईला १६० ते १६५ अंश पुरतात आणि १६ ते २० मिनिटे लागतात. कुकीजना १७० ते १७५ अंश आणि १० ते १२ मिनिटे. मागची बाजू बहुतेक ओव्हनमध्ये जास्त तापते, म्हणून अर्ध्या वेळाने ट्रे फिरवावा. कुकीची कड सोनेरी आणि मध्य अजून मऊ असतानाच ती काढावी, कारण निवताना ती घट्ट होते. दुसरा ट्रे यासाठी हवा की गरम ट्रेवर गार गोळे ठेवले तर शनिवारची सगळी मेहनत वाया जाते. दोन्ही ट्रे आलटून-पालटून वापरावेत आणि फ्रिजमधून एका वेळी एका ट्रेपुरतेच गोळे काढावेत.

थोडे विषयांतर होईल, पण ओव्हनच्या लहानमोठेपणावरून मन निघावे म्हणून सांगते. नानकटाईचे नाव सुरतेशी जोडले जाते, आणि तिथली दोटीवाला बेकरी १८६१ पासूनची आहे. पूर्वी दिवाळीच्या आधी घरचा मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे आणि भाजलेली नानकटाई डबे भरून घरी आणायची, ही पद्धत आपल्याकडेही अनेक घरांत होती. त्या विटांच्या भट्टीत आधी कडक आचेवर पाव भाजत आणि मग उतरत्या आचेवर बिस्किटे व नानकटाई लावत. नानकटाईला मंद, उतरती आच मानवते. म्हणूनच आपला लहान ओटीजी तिच्यासाठी पुरेसा आहे, आणि म्हणूनच मी असेही सुचवीन की मे-जूनमध्ये मुलांबरोबर नानकटाई करावी आणि चॉकलेट चिप कुकीज नाताळच्या सुट्टीसाठी ठेवाव्यात, जेव्हा बडोद्यातले लोणीही थोडे शहाण्यासारखे वागते. मुलांनी आताच हट्ट धरला तर लोणी वापरून, गोळे रात्रभर गार करून करता येतील.

थोडक्यात, येत्या शनिवारी एवढेच बदलून पाहावे: तूप वजनाने आणि उन्हाळ्याच्या हिशेबाने घ्यावे, घट्ट असताना फेसावे, गोळे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि भाजून झाल्यावर ट्रेवरच निवू द्यावेत. हे करूनही नानकटाई मोडली तर बेसन १५ ग्रॅमने कमी करून तेवढा मैदा वाढवावा. कुकीज पसरल्या तर साखर कमी करण्याआधी ओव्हनचे खरे तापमान तपासावे.

डब्यात भरण्याविषयी आपण विचारले नाही, पण पुढच्याच महिन्यात पाऊस सुरू होईल म्हणून लिहून ठेवते. पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नये. आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मऊ पडतात. नानकटाई आणि चॉकलेट चिप कुकीज एकाच डब्यात ठेवू नयेत, कारण कुकीजमधला ओलावा नानकटाईत उतरतो. पावसाळी हवेत मऊ पडलेली नानकटाई १२० अंशांवर पाच-सात मिनिटे तापवून पुन्हा पूर्ण निवू दिली की खुसखुशीत होते. त्यासाठी ओव्हन आधी तापवण्याचीही गरज नसते.